तिबेटच्या गळ्यातला मणी आणि विदर्भाची पांढरी

कौंडिण्यपूर म्हटले की रुक्मिणीचे माहेर आठवते, आणि तिथून पंढरपूरला निघणारी तिची पालखी आठवते. वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात असलेल्या या गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. मातीचे थर वाचणाऱ्या या माणसाची दुसरी ओळख वऱ्हाडात फारशी कुणाला नाही. कौंडिण्यपूरच्या अहवालाच्या एकोणीस वर्षे आधी, १९४९ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ग्रंथमालेत त्यांचे एक पुस्तक निघाले होते, आणि ते सबंध पुस्तक एकाच प्रकारच्या मण्यांवर होते. तांबड्या किंवा काळपट अकीकाचा मणी, आणि त्याच्यावर दगडातच मुरलेल्या पांढऱ्या रेघा, ठिपके, गोल डोळे. भारतात असे मणी कुठे कुठे सापडतात आणि त्यांच्यावर कोणकोणती नक्षी येते, याची दीक्षितांनी तपशिलाने मांडणी केली. आज जगभरचे लोक याच जातीच्या मण्यांकडे वळतात ते तिबेटच्या वाटेने. तिबेटात अशा मण्याला ‘झी’ म्हणतात, आणि तिथे तो पूज्य ताईत आहे. विदर्भाच्या मातीतला मणी आणि तिबेटी माणसाच्या गळ्यातला मणी हे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज दोहोंपैकी एकही पुरता कळणार नाही, असे मला वाटते. ते का, हेच या लेखात सांगायचे आहे.

आधी मणी होतो कसा ते पाहू. आपला बहुतेक वऱ्हाड काळ्या दगडावर, लाव्हारसाच्या थरांवर बसला आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर साचून अकीक तयार झाला. खडक झिजला तरी अकीक झिजत नाही, म्हणून नदीनाल्यांच्या गोट्यांत तो सापडतो. यातला लोहाचा अंश असलेला गोटा मंद आचेवर तापवला की त्याला तांबडा रंग चढतो, त्याला आपण कार्नेलियन म्हणतो. गोटा फोडायचा, टवके काढून आकार द्यायचा, घासायचा, भोक पाडायचे आणि उजळायचे, इथपर्यंतचे काम कष्टाचे असले तरी समजायला सोपे आहे. पांढरी रेघ उठवण्याची करामत मात्र फार दिवस कोडे होऊन राहिली होती. मोहेंजोदडो आणि चन्हुदडो इथे काम केलेल्या अर्नेस्ट मॅके यांनी सिंधमधल्या सेहवान इथे एका वृद्ध कारागिराकडून ती पाहून घेतली आणि १९३३ मध्ये लिहून ठेवली. करीर, म्हणजे आपली नेपती, हिचे कोवळे शेंडे वाटायचे, त्यात धुण्याचा सोडा कालवायचा, तो रस गाळून बोरूसारख्या लेखणीने मण्यावर नक्षी काढायची आणि वाळल्यावर मणी निखाऱ्यात ठेवायचा. काही मिनिटांत क्षार दगडाच्या अंगात उतरतो आणि तेवढीच जागा पांढरी पडते. वरून दिलेला रंग खरवडून निघतो. ही रेघ निघत नाही, कारण तिथे दगडच बदललेला असतो. दोन-अडीच हजार वर्षे जमिनीत राहूनही असा मणी नक्षीसकट हाती येतो तो त्यामुळे.

ही कला हडप्पा संस्कृतीइतकी जुनी आहे. इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधूकाठचे असे मणी निघाले, ते इसवी सनापूर्वी सुमारे २५०० वर्षांचे. तिचा दुसरा बहर आला तो इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत, आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. नागपूरजवळच्या माहूरझरी इथे दगडांची शेकडो वर्तुळे आहेत. त्या महाश्मयुगीन लोकांच्या दफनांचे उत्खनन डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात केले. लोखंडी हत्यारे आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार यांच्याबरोबर तिथे क्षाराने रेघा उठवलेले मणीही निघाले. टाकळघाट-खापा इथल्या वर्तुळांतही ते आहेत. माहूरझरीची आणखी एक थोरवी अशी की मणी तिथे नुसते पुरले गेलेले नाहीत, तयारही झालेले आहेत. डेक्कन कॉलेजचे डॉ. आर. के. मोहंती यांनी तिथल्या कारखान्याचा अभ्यास केला. कच्चे गोटे, टवके, अर्धवट आकार दिलेले आणि भोक पाडताना फुटलेले मणी, असा कामाचा प्रत्येक टप्पा तिथे जमिनीत आहे. फुटका मणी दागिना म्हणून निरुपयोगी ठरतो, पण मणी इथेच होत होते याचा त्याहून पक्का पुरावा दुसरा मिळणार नाही. खुद्द अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या फुबगावला, पूर्णेच्या खोऱ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सातव्या ते चौथ्या शतकातली गोल घरांची वस्ती तिथे मिळाली आणि तीतही अकीक, कार्नेलियन, जॅस्पर यांचे मणी होते. पुढे सातवाहनकाळात हा व्यापार इतका वाढला की एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी जाणाऱ्या पट्ट्यांच्या अकीकाचा उल्लेख आला.

आता तिबेटकडे पाहू. झी बहुधा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, काळ्या किंवा गडद तपकिरी अंगाचा असतो. पांढऱ्या रेघांनी आखलेले वर्तुळ म्हणजे त्याचा डोळा. एक डोळ्याचा, दोन डोळ्यांचा, तीन डोळ्यांचा अशी त्याची मोजणी होते आणि नऊ डोळ्यांचा सर्वांत मोलाचा. तो करण्याची रीत आपल्या तांबड्या मण्यापेक्षा एक पायरी पुढची आहे. अभ्यासकांच्या मते आधी क्षाराने दगड पांढरा करून घेत आणि मग नक्षीची जागा झाकून उरलेला भाग काळा करत. तिबेटी माणसाला मात्र या रीतीशी कर्तव्य नाही, कारण झी माणसाने केलाच नाही असे तो मानतो. ऑस्ट्रियाचे अभ्यासक रेने द नेबेस्की-वॉयकोवित्स यांनी १९५२ मध्ये यातल्या समजुती नोंदवल्या. झी पूर्वी किडा होता, माणसाचा हात लागताच दगड झाला, असे कुणी सांगत. कुणी सांगत, हे देवांचे दागिने. एखादा जरा टवकला की देव तो खाली टाकतात, म्हणून पृथ्वीवर अखंड झी क्वचित मिळतो. तो अपघात, आजार आणि वाईट नजर यांपासून अंगावर घेणाऱ्याला राखतो. तडकला तर त्याने धन्यावरचे संकट स्वतःवर घेतले असे मानतात. ल्हासाच्या जोखांग मंदिरातल्या बुद्धमूर्तीच्या अलंकारांत झी आहेत. तिबेटी वैद्यकातल्या मौल्यवान गोळ्यांत झीची पूड जाते. आपल्याकडे अकीक पिष्टी आणि प्रवाळ भस्म विकले जाते, तेव्हा यात आपल्याला परके वाटण्यासारखे काही नाही. आई मुलीला देते, मुलगी तिच्या मुलीला. पोवळे आणि पिरोजा यांच्याबरोबर ओवलेला तो मणी घराण्यात फिरत राहतो.

या दोन चित्रांत एक विलक्षण उलटापालट आहे आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. तिबेटात मण्याचा अर्थ जिवंत आहे, पण त्याचा उगम हरवला. झी कुठे घडले, कुणी घडवले, केव्हा तिबेटात आले, यावर विद्वान कित्येक दशके वाद घालत होते. इराण, मध्य आशिया, सिंधू खोरे, खुद्द तिबेट अशी नावे पुढे आली आणि एकही सिद्ध होईना. कारण साधे आहे. शेकडो वर्षे मणी गळ्यातून गळ्यात गेला, आणि त्याबरोबर जमिनीतली त्याची जागा पुसली गेली. २०१४ मध्ये पश्चिम तिबेटातल्या ङारी भागात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनभूमीत शास्त्रशुद्ध उत्खननात झी मिळाला, तेव्हा कुठे या मण्याला पाय टेकायला एक तारीख मिळाली. विदर्भात नेमके उलट झाले. इथे मणी कुणाबरोबर पुरला, कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, कोणत्या कारखान्यात घडला, हे सगळे सांगता येते. पण तो गळ्यात बांधताना आई काय पुटपुटत होती, डोळ्याचा मणी कुणाला आणि साध्या रेघांचा कुणाला, हे सांगणारे कुणीही उरले नाही. एकाकडे आठवण आहे, दुसऱ्याकडे जागा. मण्याला दोन्ही लागतात.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येईल. सोडा, नेपतीचा रस आणि निखारे एवढ्यात ज्याचा उलगडा होतो, त्याला देवाचा दागिना मानणे ही अंधश्रद्धा, आणि तिच्याकडून काही शिकायचे नाही. झी घातल्याने अपघात टळतो असे मानायला काहीही आधार नाही, हे मी निःसंकोच सांगतो. पण श्रद्धेचा दावा खोटा ठरला म्हणून ती श्रद्धा पुरावा म्हणूनही बाद होते, हे मला मान्य नाही. तिबेटातच झीविषयी आणखी एक कथा आहे. लिंगचा वीर राजा गेसर याने ताझिक, म्हणजे इराणकडचा प्रदेश, जिंकला आणि तिथल्या खजिन्यातून झी लुटून आणले. कथा म्हणून ती अद्भुत आहे, परंतु मणी बाहेरून, पश्चिमेकडून, संपत्ती म्हणून आला ही आठवण तिच्या पोटात असू शकते. देवांनी टाकलेला मणी टवकलेला असतो या समजुतीतही एक निरीक्षण आहे: जमिनीत मिळणारे मणी जुने, वापरलेले, झिजलेले होते, आणि हे करणारी माणसे आसपास कुठेच दिसत नव्हती. कारागीर नाहीसे झाले, त्यांचे काम टिकले. ते काम पाहणाऱ्याने त्याचे कर्तेपण देवाकडे दिले. हडप्पाचा किंवा माहूरझरीचा कारागीर निखाऱ्यावर वाकून जे करत होता, त्याला मिळालेली ही दाद आहे असे मी समजतो. त्या कारागिराचे नाव आपण परत देऊ शकत नाही. त्याची रीत मात्र परत देता आली, आणि ती देणे श्रद्धेचा अपमान आहे असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप पुरातत्त्वाच्या शिस्तीतून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. विदर्भातले मणी ताईत होते हे कशावरून? दागिने असतील, ऐपत दाखवण्याची खूण असतील. तिबेटात जे आहे ते इथल्या महाश्मयुगावर लादणे चूक आहे. या सावधगिरीचा मला आदर आहे, आणि खाप्याच्या एखाद्या मण्यावर बोट ठेवून ‘हा ताईतच’ असे मी म्हणणार नाही. पण आक्षेपात एक गृहीतक दडले आहे की दागिना आणि ताईत या दोन वेगळ्या वस्तू असतात. आपल्या घरात तसे आहे का? मंगळसूत्रातले काळे मणी सौंदर्यासाठी की सौभाग्य राखण्यासाठी, हा प्रश्न घालणाऱ्या बाईला कधी पडत नाही. तान्ह्या बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी बांधतात, गळ्यात बजरबट्टू घालतात. आणि ज्याला महाराष्ट्रभर दृष्टमणी म्हणतात तो पाहा: काळ्या अंगावर पांढरे ठिपके. गडद पृष्ठभागावर पांढरा डोळा काढून नजरेला नजर द्यायची, ही कल्पना दृष्टमण्यात आहे, झीमध्ये आहे आणि भूमध्य समुद्राकाठच्या निळ्या काचेच्या डोळ्यांतही आहे. दृष्टमणी महाश्मयुगातून थेट चालत आला असे कुणी म्हणू नये. मधले दुवे आपल्याजवळ नाहीत. तरी ज्या भूमीत आजही आई बाळाला ठिपक्यांचा मणी बांधते, तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीचा डोळ्यांचा मणी निव्वळ शोभेचा होता असे धरून चालणे हीही एक लादणूकच आहे.

तिसरा प्रश्न थोडक्यात निपटता येतो. विदर्भाचे मणी तिबेटात गेले का? तसा दावा मी करत नाही. एकच तंत्र दोन ठिकाणी असणे म्हणजे एकाने दुसऱ्याला माल पुरवणे नव्हे. इतके मात्र निश्चित आहे की हिमालय ही भिंत नव्हती. नेपाळच्या वरच्या मुस्तांगमध्ये, तिबेटच्या सरहद्दीला लागून, साम्झोंग इथल्या इसवी सन ४०० ते ६५० च्या गुहाथडग्यांत दक्षिण आशियातले काचमणी आणि चिनी रेशीम एकत्र मिळाले आहेत. दुसऱ्या दिशेला थायलंडमधल्या बान डॉन ता फेट इथेही रेघांचे अकीक आणि कार्नेलियन मणी आहेत. छोटा, हलका, न नासणारा आणि न बोलता किंमत सांगणारा माल जिथे माणूस जाईल तिथे जातो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. तिबेटात मणी जिवंत राहिला, कारण तो लोकांच्या अंगावर राहिला. शेतात सापडलेला झी तिबेटी शेतकरी उचलतो, कपाळाला लावतो आणि गळ्यात घालतो. मग आपण मात्र पांढरीत सापडलेला मणी डबीत बंद करून त्यावर क्रमांक का घालायचा? वऱ्हाडातल्या माणसानेही तो बाळाच्या गळ्यात बांधला तर बिघडले काय? या म्हणण्यामागे जी आस्था आहे ती खोटी नाही. पण इथे सापडलेला मणी बाळाच्या गळ्यापर्यंत पोचतच नाही. तो पोचतो व्यापाऱ्यापर्यंत. चीन, तैवान आणि त्यापलीकडच्या संग्राहकांत झीला गेल्या काही दशकांत प्रचंड मागणी आली, नकली मणी तयार करणारा धंदा उभा राहिला आणि त्याच ओढीने जुन्या अकीक मण्यांचाही बाजार झाला. त्या बाजारात माहूरझरीचा मणी माहूरझरीचा राहत नाही, नुसता ‘प्राचीन’ होतो. म्हणजे तिबेटी झीचे जे नुकसान शेकडो वर्षांत झाले, जागा हरवण्याचे, ते आपल्या मण्याचे एका दुपारीत होते, आणि त्याच्या बदल्यात तिबेटला जी श्रद्धा मिळाली, ती आपल्याला मिळत नाही. आपली जिवंत परंपरा दृष्टमण्यात आहे. तो कासाराकडे किंवा जत्रेत थोड्या पैशांत मिळतो, आणि त्यासाठी कुठल्या थडग्याला हात लावावा लागत नाही.

पांढरीची आपण केलेली दशाही याच हिशेबात धरली पाहिजे. जुन्या वस्तीचे टेकाड म्हणजे राख, शेण, मोडलेल्या भिंती यांची मऊ, सुपीक माती. ती घराच्या भिंतींना आणि धाब्याला लागते, शेतात टाकायला लागते, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून जाते. पाऊस झाला की कापलेल्या कडेतून मणी, खापरे, नाणी बाहेर येतात. हाती आलेली वस्तू आपली नसते हे सांगणारा १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा वस्तूकडे पाहतो, थराकडे पाहणारी नजर त्यात फारशी नाही. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातल्या भोन इथे पूर्णेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांनी सातवाहनकाळाच्या सुमाराची मोठी वस्ती आणि विटांचा स्तूप उजेडात आणला. ही जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. शेतीला पाणी हवे, यात वाद नाही. पण पाणी चढण्याआधी अशा जागेचा जितका भाग शास्त्रशुद्ध खणून, नोंदून घेता येईल तितका घेतला पाहिजे, कारण बुडालेल्या थरातला मणी कुठल्याही श्रद्धेने किंवा शास्त्राने पुन्हा वाचता येत नाही.

आणि एक काम असे आहे की त्याला धरणाएवढा पैसाही लागत नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात विदर्भाच्या शहरांत स्वेटर विकणारे तिबेटी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्याशी आपला संबंध लोकरीच्या भावापलीकडे सहसा गेलेला नाही. १९५९ नंतर हिमालय ओलांडून आलेल्या पिढीतले लोक आता फार म्हातारे झाले आहेत. कोणत्या झीला कोणते नाव, डोळ्यांच्या संख्येला काय अर्थ, बाईने कोणता घालावा, मुलाच्या गळ्यात कोणता, तडकलेल्याचे काय करायचे, ही माहिती त्यांच्या तोंडी असते. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने विदर्भातल्या उत्खननांतल्या रेघांच्या मण्यांची छायाचित्रे घेऊन गोठणगावला जावे, ती या वडीलधाऱ्यांपुढे मांडावीत आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करावे. त्यातले काही चुकीचे निघेल, काही आपल्या मण्यांना लागूच पडणार नाही. पण दीक्षितांनी १९४९ मध्ये नक्षीची जी वर्गवारी केली, तिच्या शेजारी जिवंत माणसांनी केलेली दुसरी वर्गवारी मांडून पाहण्याची सोय जगात फार थोड्या प्रदेशांना आहे. दगड आणि आठवण दोन्ही इतक्या जवळ, एका दिवसाच्या प्रवासात, विदर्भाला लाभली आहेत, आणि त्या पिढीजवळ आता फार वर्षे उरलेली नाहीत.